गाठ सुटते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी तुमच्याशी एका शब्दाविषयी आणि एका आजाराविषयी बोलणार आहे. शब्द आहे ‘गाठ’ आणि आजार आहे त्वचेचा कर्करोग. मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी विषय घेऊन. विज्ञानाचं पुस्तक दहावीला मिटलं ते मिटलंच. तेव्हा या विषयावर बोलायला हा कशाला आला, असं कुणाच्या मनात आलं तर ते रास्तच आहे. माझ्याकडे त्याची दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे आमच्या घरी शिलाईचा धंदा होता आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओवायचं काम मी लहानपणी पुष्कळ केलं आहे. दुसरं उत्तर म्हणजे माझी खाला.

खाला म्हणजे मावशी. माझ्या अम्मीची थोरली बहीण. पैठण तालुक्यातल्या एका गावात राहायची. थोडी कोरडवाहू जमीन होती, ती पुरायची नाही म्हणून दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका कमरेला ओटी बांधतात. वेचलेला कापूस त्या ओटीत जमा होतो आणि दिवस चढतो तसं तिचं ओझं वाढत जातं. ते ओझं खाली ओढतं म्हणून परकराची नाडी आणखी आवळायची. खालाचे परकर आमच्याच दुकानात शिवलेले असत. नेफा जेमतेम बोटभर रुंद आणि आत सुताची बारीक नाडी. चाळीस वर्षं तिनं ती नाडी एकाच जागी, उजव्या कुशीवर, रोज आवळली.

तिथली कातडी आधी काळी पडली. मग खरखरीत झाली. मग खाज सुटली, भेग पडली आणि भेगेची जखम झाली. गावात बसणाऱ्या एका डॉक्टरांनी नायटा म्हणून सांगितलं. मी शहरात नोकरीला होतो, घरातला शिकलेला मुलगा. दर महिन्याला गावी जाताना मी मलमाची एक ट्यूब घेऊन जायचो. मी म्हणायचो, ‘खाला, एकदा शहरात चल, दाखवू.’ ती म्हणायची, ‘नक्को रे बेटा, नाडे का घाव है, भर जाइंगा.’ आणि मलाही ते सोयीचं वाटायचं. असं दीड वर्ष गेलं. मग एके दिवशी तिनं सांगितलं की जांघेत अवधाण आलंय. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं तळपायात काटा शोधला. काटा नव्हता.

शहरात आणलं, तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं की कुशीवरची जखम हा त्वचेचा कर्करोग आहे आणि जांघेतली गाठ हे त्याचंच पुढचं पाऊल आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘जखम कमरेपुरती होती तेव्हा आणायला हवं होतं.’ ही २००३ सालची गोष्ट. पुढच्या वर्षी खाला गेली. जाण्याआधी एकदा ती म्हणाली होती, ‘सारी उमर गाँठ बांधी रे मैं, अब ये गाँठ कां से आई?’

श्रोतेहो, ती गाठ कुठून आली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याजवळ राहिला. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे जाऊन बसलो, त्यानं दिलेलं वाचलं, समजलं नाही ते पुन्हा विचारलं. त्यातून मला जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट ही कळली की खाला एकटी नव्हती. मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. खानोलकरांची दृष्टी अशी की रोग नुसता सूक्ष्मदर्शकात पाहायचा नाही, तो माणसाच्या राहणीतही शोधायचा. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध लिहिला. आपल्या लोकांच्या सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांचे प्रकार त्यांनी त्यात नोंदवले. त्यांतला एक होता धोतराचा कर्करोग. कमरेला धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळणाऱ्या माणसांना नेमका त्याच रेषेवर होणारा. पुढे बायकांमध्ये तोच आजार दिसला, तेव्हा डॉक्टर त्याला साडीचा कर्करोग म्हणू लागले.

आणि ही काही जुनी झालेली गोष्ट नाही. २०२४ सालच्या नोव्हेंबरमध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून अशाच दोन बायकांची हकिगत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची. तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्ष न भरणारी जखम होती. ती साडीच्या आत परकराची नाडी घट्ट बांधायची. दुसरी साठी उलटून गेलेली. ती चाळीस वर्षं लुगडं नेसत होती, आत परकर न घालता, कमरेशी आवळून. निदान झालं तेव्हा दुसरीचा कर्करोग जांघेतल्या एका गाठीपर्यंत पोहोचलेला होता. हे वाचताना माझे हात थांबले. जागा तीच, उजवी कूस. वाट तीच, कुशीतून जांघेत.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. आवळलेल्या नाडीतून कर्करोग होतो कसा? आणि कमरेवरचा कर्करोग तिथेच न थांबता जांघेत जातो कसा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसरं जरा दूरचं आहे, पण आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

पहिलं उत्तर असं. नाडीच्या घासण्यानं आणि दाबानं कातडीला रोज थोडी इजा होते. घाम, धूळ, उकाडा यांनी ती चिघळते. शरीर ती भरायला पाहतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नाडी त्याच जागी बसते. जखम भरायची म्हणजे कडेच्या पेशींनी भराभर वाढायचं. वर्षानुवर्षं अशी वाढ चालू राहिली की कधीतरी एखाद्या पेशीच्या आतल्या आज्ञांमध्ये चूक होते आणि ती थांबायचं विसरते. जुन्या व्रणांतून आणि न भरणाऱ्या जखमांतून असा कर्करोग होतो, त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. ज्यां-निकोला मार्जोलिन हे फ्रेंच शल्यवैद्य. अशा व्रणांचं वर्णन त्यांनी १८२८ साली केलं होतं.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी आधी निरोगी कातडी कशी असते ते पाहायला हवं.

आपली कातडी एकसंध कापडासारखी वाटते. पण ती असंख्य पेशींची बनलेली आहे आणि प्रत्येक पेशी शेजारणीला धरून उभी आहे. धरून म्हणजे अक्षरशः. पेशीच्या अंगातून बाहेर प्रथिनांचे बारीक हात आलेले असतात. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण पेशीच्या आत-बाहेर जी हजारो कामं चालतात, त्यांतली बहुतेक प्रथिनंच करतात. धरून ठेवणं हेही त्यांतलंच एक काम. या हातांतला मुख्य हात म्हणजे ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन. एका पेशीचं ई-कॅडहेरिन शेजारच्या पेशीच्या ई-कॅडहेरिनमध्ये अडकतं. आतल्या बाजूनं ते कॅटेनिन नावाच्या प्रथिनांना बांधलेलं असतं आणि ती पेशीच्या आतल्या दोऱ्यांना. म्हणजे बाहेर गाठ आणि आत दोरा.

ही गाठ बसायला कॅल्शियम लागतं. जपानमधल्या क्योटोचे मासातोशी ताकेइची यांनी १९७०च्या दशकात हे दाखवलं. ज्या द्रवात पेशी ठेवल्या आहेत त्यात कॅल्शियम असलं तर त्या एकमेकींना धरून राहतात, काढून घेतलं तर सुटतात. कॅडहेरिन या नावातलं पहिलं अक्षर कॅल्शियमचंच आहे. आपण हाडांसाठी म्हणून ज्याचं नाव घेतो, ते कातडीची वीणही धरून ठेवतं.

दुसऱ्या प्रकारचा सांधा म्हणजे डेस्मोसोम. मित्रानं हे समजावताना पुष्कळ उपमा दिल्या, पण मला माझ्या धंद्यातली सुचली. ब्लाउजला असतं ते टिचबटण. दोन पेशींच्या कडांवर ठिकठिकाणी अशी टिचबटणं लावलेली असतात आणि कातडी ताणली तरी ती निघत नाहीत. शिवाय सगळ्यांत खालच्या थरातल्या पेशी एका पातळ अस्तरावर बसलेल्या असतात. त्या अस्तराला धरून ठेवणारी प्रथिनं वेगळी, त्यांचं नाव इंटिग्रिन. म्हणजे शेजारणीला धरायला एक हात आणि जमिनीला धरायला दुसरा.

या गाठी कायमच्या नसतात, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. कातडीची पेशी तळाच्या थरात जन्मते, वर सरकत जाते आणि साधारण महिनाभरानं पृष्ठभागावरून गळून पडते. सरकायचं तर गाठी सोडाव्या लागतात आणि पुन्हा बांधाव्या लागतात. जखम झाली की कडेच्या पेशी हेच मोठ्या प्रमाणावर करतात. गाठी सैल करायच्या, पाय पसरायचे, जखमेवर सरकत जायचं, पलीकडून आलेल्या पेशींना गाठायचं, आणि गाठ पडली की पुन्हा घट्ट बांधून घ्यायचं. मराठीत माणसं भेटण्याला आपण ‘गाठ पडली’ म्हणतो. पेशींच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

यासाठी पेशीच्या आत एक ठरलेली व्यवस्था आहे. स्नेल नावाचं एक प्रथिन आहे. ते कामाला लागलं की ई-कॅडहेरिन बनवण्याची आज्ञाच बंद होते. २००० साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. आईच्या पोटात गर्भ घडताना काही पेशींना एका जागेहून दुसऱ्या जागी जावं लागतं, तेव्हा हीच व्यवस्था वापरली जाते. म्हणजे गाठ सोडणं हे मुळात वाईट काम नाही. ते गर्भासाठी आहे, जखमेसाठी आहे. ठरल्या वेळी सुरू व्हायचं आणि ठरल्या वेळी थांबायचं. हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकी डॉक्टरांनी १९८६ साली मांडलं की कर्करोगाची गाठ ही एका परीनं न भरणारी जखमच असते. खालाच्या बाबतीत तर जखम आणि कर्करोग एकाच जागी होते. दुरुस्तीसाठी सुरू झालेलं काम थांबलंच नाही.

आता हे सगळं जोडून पाहा. कर्करोगाची पेशी वाढत असते. ती जोवर शेजारणींना धरून आहे, जमिनीला धरून आहे, तोवर ती वाढली तरी जागच्या जागी. डॉक्टर चाकूनं तेवढा भाग, भोवतीच्या थोड्या निरोगी कातडीसह, काढून टाकू शकतात. पण काही पेशींमध्ये ई-कॅडहेरिन कमी होतं, टिचबटणं उघडतात. मग त्या निघायला मोकळ्या होतात. शिवाय कॅडहेरिनची गाठ सुटली की तिला आतून बांधलेलं बीटा-कॅटेनिन रिकामं होतं. ते पेशीच्या केंद्रात जाऊन वाढीची आज्ञा देऊ शकतं. म्हणजे सुटणं आणि वाढणं यांचाही एकमेकांशी संबंध आहे.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झालं आहे. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली परळला जे कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचाच वारसा आज नवी मुंबईत खारघरला ‘ॲक्ट्रेक’ या नावानं चालतो. तिथे डॉ. सोराब दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिचबटणातल्या एका प्रथिनाचा अभ्यास केला. त्याचं नाव प्लॅकोफिलिन-३. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमधून त्यांनी हे एकच प्रथिन कमी केलं. पेशींची एकमेकींवरची पकड सैल झाली आणि उंदरांमध्ये अशा पेशींचा कर्करोग अधिक पसरला. हे २००८ साली प्रसिद्ध झालं.

गाठ सोडली तरी पुढे अस्तर आहे. ते ओलांडायला पेशीला कात्री लागते. तीही प्रथिनाचीच. तिचा शोध फार गमतीदार रीतीनं लागला. बेडकाच्या पिल्लाला शेपूट असते आणि मोठं होताना ती नाहीशी होते. ती जाते कुठे? १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि त्यांचे सहकारी लापिएर यांना त्या शेपटीत असं प्रथिन सापडलं की जे कातडीतला चिवट धागा, म्हणजे कोलॅजन, कापून टाकतं. या जातीची प्रथिनं आपल्याही शरीरात आहेत आणि कर्करोगाच्या पेशी तीच वापरून अस्तराला भोक पाडतात. बेडकाला पाय फुटताना जी कात्री उपयोगी पडते, तीच इथे घात करते.

अस्तराखाली बारीक रक्तवाहिन्या असतात आणि लसिकावाहिन्या असतात. कमरेच्या बेंबीखालच्या भागातल्या कातडीच्या लसिकावाहिन्या जांघेतल्या ग्रंथींकडे जातात. म्हणून कुशीवरच्या कर्करोगाचा पहिला मुक्काम जांघेत. खालाला जे अवधाण वाटलं, ते हे होतं. काटा पायात नव्हता, काटा कमरेला होता.

इथे मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते एका शब्दानं. निरोगी पेशी आपल्या जागेवरून सुटली, तिची जमिनीवरची पकड गेली, तर ती जगत नाही. ती स्वतःच स्वतःला संपवते. शरीरानं तशी सोयच करून ठेवली आहे. फ्रिश आणि फ्रान्सिस या दोन शास्त्रज्ञांनी १९९४ साली या मरणाला ग्रीक भाषेतून एक नाव दिलं, ॲनॉइकिस. त्याचा अर्थ बेघर होणं. कर्करोगाची पसरणारी पेशी म्हणजे बेघर होऊनही मरायला नकार देणारी पेशी.

पण तीही पूर्ण एकटी निघते असं नाही. पूर्वी समज असा होता की पेशी सगळ्या गाठी सोडून एकेकटी प्रवासाला निघते. आता दिसतं की पुष्कळदा त्या घोळक्यानं निघतात, थोडी गाठ सैल करून आणि थोडी धरून. २०१९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाबाबत दाखवलं की पसरणाऱ्या पेशींमधून ई-कॅडहेरिन पूर्ण काढून टाकलं तर त्या वाटेतच मरू लागतात. म्हणजे जे प्रथिन पेशीला जागी धरून ठेवतं, तेच प्रवासात तिला जगवतं. विज्ञानात असं होतं. एक उत्तर पक्कं झालं म्हणेपर्यंत त्याची दुसरी बाजू पुढे येते.

शेतकरी श्रोत्यांना एक गोष्ट लगेच पटेल. लंडनचे डॉक्टर स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की रोग वाटेल तिथे पसरत नाही, ठराविक अवयवांतच रुजतो. त्यांनी म्हटलं, रोगाची पेशी हे बी आहे आणि अवयव ही जमीन. बी वाऱ्यानं सगळीकडे जातं, पण उगवतं मानवेल तिथेच. काळ्या रानात जे येतं ते मुरमाड रानात येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या मानवण्यातही पकडीच्या प्रथिनांचा वाटा असतो. नव्या जमिनीत ज्या पेशीचा हात धरला जातो, तीच तिथे टिकते.

त्वचेच्या आणखी एका कर्करोगाचा इथे उल्लेख करायला हवा, तो म्हणजे मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. आपल्याकडे तो कमी दिसतो, पण पसरण्यात फार वेगवान. निरोगी रंगपेशी ई-कॅडहेरिननं शेजारच्या कातडीच्या पेशींना बांधलेली असते आणि त्या तिला धाकात ठेवतात. मेलॅनोमात ती ई-कॅडहेरिन टाकून एन-कॅडहेरिन धारण करते. मग तिची गाठ घरच्या पेशींशी पडत नाही, खोलवरच्या पेशींशी आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींशी पडते. सावळ्या माणसांत तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ साली तो सापडला आणि १९८१ साली ते गेले. वय अवघं छत्तीस. अनवाणी चालणाऱ्या आपल्या माणसांनी तळपायावर वाढत जाणारा काळा डाग ‘लागलं असेल’ म्हणून सोडू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कळलं, तर या सुटलेल्या गाठी पुन्हा बांधणारं औषध का नाही? मीही मित्राला हेच विचारलं. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की तसं औषध आज नाही. ती कोलॅजन कापणारी कात्री बोथट करणारी औषधं १९९०च्या दशकात मोठ्या आशेनं रुग्णांवर वापरून पाहिली गेली. ती अपयशी ठरली. कारण हीच प्रथिनं शरीराची चांगली कामंही करतात आणि आपल्या औषधाला दोन्हींतला फरक कळत नाही. पसरलेल्या त्वचेच्या कर्करोगासाठी प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं आली आहेत. त्यांतल्या सेमिप्लिमॅबला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. काही रुग्णांना त्यांचा चांगला गुण येतो. पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाताला ती सहज लागतील अशी नाहीत.

म्हणून सगळं विज्ञान फिरून एका साध्या ठिकाणी येऊन थांबतं. गाठी सुटायच्या आधी जखम दाखवा. त्वचेचा असा कर्करोग जागच्या जागी असताना काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. एकदा जांघेत गेला की उपचार मोठे होतात आणि भरवसा कमी होतो. या दोन्हींमध्ये जो काळ असतो, तो आमच्या खालाच्या बाबतीत दीड वर्षाचा होता. दीड वर्ष म्हणजे मलमाच्या अठरा ट्यूबा. मी त्या मोजल्या आहेत.

एक भीती मात्र आज इथे बोलून टाकायलाच हवी. आपल्याकडे पक्का समज आहे की तुकडा काढला, जखमेला लोखंड लागलं, की कॅन्सर पसरतो. खालाही हेच म्हणायची आणि खरं सांगायचं तर मलाही ते खरं वाटायचं. पण आत्ता आपण पाहिलं, पेशी पसरते ती तिच्या स्वतःच्या प्रथिनांमध्ये बदल होतो म्हणून. गाठ आतून सुटते. त्वचेचा हा कर्करोग तुकडा तपासल्यानं पसरतो याला आधार नाही. उलट तुकडा तपासला नाही तर तो काय आहे तेच कळत नाही आणि मधल्या काळात तो त्याचं काम करत राहतो. आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. ते २०१२ साली सुरू झालं. खालाच्या वेळी ते नव्हतं. आज आहे.

आणि शिलाईवाल्याचा मुलगा म्हणून दोन शब्द. परकराची नाडी बारीक असू नये. रुंद पट्टी असावी, नेफा तीन बोटांचा असावा, म्हणजे दाब एका रेषेवर न पडता पसरतो. रोज एकाच जागी बांधू नये, कधी थोडं वर, कधी थोडं खाली. घरी आल्यावर, झोपताना, नाडी सैल करावी. पुरुषांनी धोतराचं, लुंगीचं, सलवारीच्या नाडीचंही असंच करावं. कमरेवर वळाच्या जागी कातडी काळी-पांढरी झाली, जाड झाली, खाज सुटली, तर आधी नाडीची जागा बदलावी. आणि तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम कुठेही असो, कमरेवर, जुन्या भाजल्याच्या व्रणावर, पायावर, ती डॉक्टरांना दाखवावी. मलमावर मलम आणत बसू नये. शहरात राहणाऱ्या, शिकलेल्या मुलांना माझी विनंती आहे. गावाकडची आई, मावशी, चाची ‘काही नाही रे’ म्हणते, तेव्हा ते उत्तर म्हणून घेऊ नका. तिची मजुरी बुडेल, भाडं लागेल, तुमची रजा जाईल, हे सगळं तिनं त्या तीन शब्दांत आधीच मोजलेलं असतं.

वडील गेल्यावर दुकान बंद झालं. शिलाई मशीन मात्र अजून घरी आहे. गेल्या वर्षी माझ्या बायकोनं त्यावर गावाकडच्या चार-पाच बायकांना परकर शिवून दिले. नेफा तीन बोटं रुंद. एक म्हातारी म्हणाली, ‘इत्ता चौडा? ढीला रहिंगा ना.’ बायको तिला म्हणाली, ‘रहने दो खाला. ढीलाच अच्छा.’